ब्रॉम काय बोलला

डेल्बर्ट झास्ट्रोच्या तळघरात दर शनिवारी दुपारी खेळ बसायचा. एरवी हा माणूस दुधाचा टँकर चालवायचा, पण त्या टेबलाच्या टोकाला बसला की अख्खं राज्य त्याच्या ताब्यात यायचं. गोष्ट तो सांगायचा, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचे. कुणाला काही जमेल की नाही अशी शंका आली, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा; आकडा मोठा आला की जमलं. नियम इतकाच होता, आणि शंका असेल तरच टाकायचा हेही त्यात होतं.

पण डेल्बर्टला शंका कशाचीही यायची. दार उघडायचंय? टाक फासा. घोड्यावर बसायचंय? टाक.

"उद्या शिंकायलासुद्धा फासा टाकायला लावशील," गेल म्हणायची. ती केस कापायचं दुकान चालवायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"शिंक अडकली तर?" डेल्बर्ट म्हणायचा.

खरी गोष्ट त्याच्या बायकोला, आर्डिसला, ठाऊक होती. डेल्बर्टला निर्णय अंगावर घ्यायला नको असायचं. फाशानं ठरवलं की कुणी त्याच्यावर रुसत नसे. त्यात सगळ्यात वाईट आकडा, एक, पडला की सगळे टेबलावर बोटं वाजवायचे आणि डेल्बर्ट त्या पात्राची अशी काही फजिती रंगवायचा की हसून हसून पोट दुखायचं. गावात त्याचं नाव होतं ते त्या फजित्यांमुळेच, आणि त्याला ते आवडायचं.

ऑरिन हाल्वोरसन कागद गिरणीच्या गोदामात होता. धिप्पाड, भला आणि तोतरा. त्याचं पात्र ब्रॉम नावाचा कुऱ्हाडवाला. कितीतरी वर्षं ऑरिन या टेबलावर एकच वाक्य बोलत आला होता, "म-मी हाणतो." बोलायचं काम कर्टचं. कर्टचं पात्र गोडबोल्या भाट होतं आणि कर्ट स्वतःही काही वेगळा नव्हता.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला आणि कर्ट बंदूक घेऊन उत्तरेला गेला. त्याच शनिवारी गोष्टीत सगळे एका शहराच्या वेशीशी येऊन ठेपले. मागे लढाईतून पळालेली माणसं, वरून बर्फ, आणि पहाऱ्यावरचा कप्तान दार उघडेना.

"आता कोण बोलणार?" डेल्बर्टनं विचारलं. "भाट तर हरणं मारतोय."

गेल काही बोलणार, तेवढ्यात ऑरिन उभा राहिला. खुर्ची मागे सरकली.

"कप्तान," तो म्हणाला, "त्या बाईच्या कडेवरचं पोर बघ. सकाळी रडत होतं तेव्हा मला त्याचा राग येत होता. आता ते रडत नाही, आणि मला भीती वाटतेय. दार उघड. हवं तर माझी कुऱ्हाड ठेवून घे. मी बाहेर राहतो."

एकदाही अडखळला नाही तो. सूप घेऊन आलेली आर्डिस जिन्यातच थांबली. गेलच्या डोळ्यांत पाणी आलं. यात शंका कसली उरली होती? दार उघडलंच होतं. फक्त डेल्बर्टनं तसं म्हणायचं होतं.

डेल्बर्टलाही ते कळत होतं. पण हात सवयीनं पुढे गेला आणि फासा ऑरिनकडे सरकला. "झकास बोललास. टाक."

एक पडला.

गेलची बोटं टेबलावर वाजली, तीही सवयीनंच. आणि डेल्बर्ट रंगात आला. "ब्रॉमनं भाषण मनात छान जुळवलं होतं हो! पण तोंड उघडलं आणि जीभच वळेना. क-क-कप्तान, द-द-दार... पहारेकरी पोट धरून हसायला लागले!"

शेवटचा शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. गेलची बोटं थांबली होती. आर्डिस सूप घेऊन तशीच वर गेली.

ऑरिन खाली बसला. "ब-बरं," तो म्हणाला. "म-मी हाणतो."

संध्याकाळपर्यंत तो खेळला आणि निघताना खुर्च्याही लावून गेला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर डेल्बर्टला बरं वाटलं असतं.

"फासा तसा पडला," रात्री जेवताना तो आर्डिसला म्हणाला.

"फाशाला तोंड आहे का रे?" ती म्हणाली.

लाजेनं त्याला बायकोकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी तो ऑरिनच्या घरी गेला. ऑरिन अंगणातला बर्फ उपसत होता.

"कालचं..." डेल्बर्ट म्हणाला.

"छे रे. ख-खेळ आहे. फासा प-पडला."

फासा नव्हता, मी होतो. हे एवढंच म्हणायला डेल्बर्ट गाडी काढून आला होता. पण त्यानं टँकरच्या टायरांची तक्रार सांगितली, यंदाच्या थंडीला नावं ठेवली, आणि घरी येऊन गाडीतच बसून राहिला.

पुढच्या शनिवारी कर्ट हरणाचं सॉसेज घेऊन हजर झाला. डेल्बर्टनं सगळं ठरवून ठेवलं होतं. गोष्टीत कप्तान पुन्हा वेशीवर आला. "काल हसलो ते चुकलं माझं," कप्तान म्हणाला. "ब्रॉम, मला परत सांग. ऐकतोय मी." मग डेल्बर्टनं स्वतःच्या आवाजात म्हटलं, "ऑरिन, फासा नको. तू नुसतं बोल."

कर्ट तोंड उघडणार होता, पण गेलनं त्याच्या पायावर पाय दिला. सगळे ऑरिनकडे बघत राहिले.

ऑरिननं फासा उचलला. गपचूप टाकला आणि बोटानं डेल्बर्टकडे सरकवला. सतरा.

"प-पुरेत ना?"

पुरत होते. भरपूर होते. "उघडलं दार!" कर्ट ओरडला. "अरे, हा बोलायलाही लागला वाटतं मी नसताना! काय बोलला ब्रॉम?"

डेल्बर्टनं ऑरिनकडे बघितलं. ऑरिन बशीतला चीजचा तुकडा उचलत होता. शब्दन् शब्द डेल्बर्टला पाठ होता, पोराचा, कुऱ्हाडीचा, बाहेर राहण्याचा. पण ते आपल्या तोंडून म्हणायचा त्याला धीर होईना.

"चांगलं बोलला," तो म्हणाला, आणि फासा ऑरिनला परत दिला.