ओवऱ्यांसाठी लावलेला कौल

हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही. गावच्या जुन्या गोष्टी निघाल्या की मी काहीतरी काम काढून गोठ्याकडे जायचो. बायकोलाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मुळशीतल्या आमच्या गावी भैरोबाच्या देवळाभोवती तीन बाजूंनी दगडी कमानींच्या ओवऱ्या होत्या. त्या कुणी बांधल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडचा पाऊस उसंत देत नाही. आषाढात आसपासच्या गावांचे आठवडे बाजार बंद पडायचे, आमचा मात्र भरायचा, कारण ओवऱ्यांत कोरडं असायचं. धनगर घोंगड्या आणायचे, डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं हिरडा आणि मध आणायची. बाजार उठताना प्रत्येक जण देवापुढे मूठभर काहीतरी ठेवायचा. गुरवबाबांचं घर बरंचसं त्यावरच चालायचं.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा पौडकडचा रस्ता पक्का व्हायला लागला. मोऱ्या बांधायला ठेकेदाराला घडीव दगड हवे होते. "ओवऱ्यांचे दगड मिळवून दे, तुला मुकादम करतो," तो मला म्हणाला. मी पाटलांचा धाकटा मुलगा. शेती थोरल्याच्या हातात होती, आणि मला मुकादमकी हवी होती.

ओवऱ्या पाडायच्या की नाही यावरून गावात दोन तट पडले, म्हणून देवाला कौल लावायचं ठरलं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्यात गुरव आणि साक्षीला पाटलांच्या घरचा एक माणूस, एवढेच असत. त्या दिवशी मी गेलो.

बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी पडली. मी दोन्ही कळ्या चटकन मुठीत घेतल्या आणि बाहेर तोंड करून ओरडलो, "उजवी दिली!"

गुरवबाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळ्यात जास्त बलुतं आमच्याच घरून जायचं.

"काय वो गुरवबाबा, खरं न्हवं?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"व्हय," ते म्हणाले.

ओवऱ्या पाडल्या आणि मी मुकादम झालो. पुढच्या आषाढात बाजाराच्या दिवशी कासारीण गोणपाट डोक्यावर घेऊन चिखलात उभी राहिली. "आता बांगड्या काय बेडकांना भरू?" म्हणाली आणि टोपली उचलून गेली. तिच्यामागोमाग बाकीचेही गेले. दुसऱ्या एका गावाने पत्र्याची शेड घातली आणि बाजार तिकडे गेला तो गेलाच. रस्ता झाल्यावर माझी मुकादमकीही संपली. मग आमचा तांदूळ विकायला मला त्याच गावी जावं लागायचं.

गावाने दोष दिला तो गुरवबाबांना. "ह्यानं खोटा कौल सांगितला. ठेकेदारानं काय चारलं रं तुला?" भर चावडीसमोर एकाने त्यांची कॉलर धरली. मी तिथेच उभा होतो. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. बहुतेक त्यांनी बघितलंही नसेल. त्याच वर्षी ते गाव सोडून भुकूमला लेकीकडे गेले.

पुष्कळ वर्षांनी मी सायकल काढून भुकूमला गेलो. ते पडवीत पत्रावळी लावत बसले होते.

"या धाकलं पाटील. लई दिसांनी वाट चुकलात."

लेकीने चहा दिला. पानाला काडी टोचत, वर न बघता ते म्हणाले, "देवानं काय दिलं ते तुमी बघितलं, मी बघितलं. तिसरं कुनी तितं न्हवतं."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. आता बोलायची पाळी माझी होती. मी म्हणालो, "यंदा पानं चांगली मिळाली वाटतं."

"हायेत बरी," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान घेतलं.

पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत मी निघालो. ती खेप झालीच नाही. ते गेल्याचं मला बाजारात तांदूळ विकताना कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं.

गुरवबाबा, खोटं मी बोललो आणि गाव तुम्हाला सोडावं लागलं. माझं चुकलं. त्या दिवशी मला एवढंच म्हणायचं होतं.