उभी राहून बोलू का?

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची एक दुपार. हे मोताळ्याला नोकरीला होते आणि सुट्टी म्हणून आम्ही स्कूटरवरून रोहिणखेडला गेलो होतो. जुन्या मशिदीच्या सावलीत बसून पुडीतले फुटाणे खात होतो, बाकी काही नाही...

भिंतीवर दगडात कोरलेल्या एका ओळीकडे बोट दाखवून हे म्हणाले, "तू तं कॉन्व्हेंटवाली ना वं? सांग बरं, काय लिहून हाये ते?" मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. दोघंही खूप हसलो, फुटाणे संपवले आणि घरी आलो.

हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती फारसी ओळ मात्र डोक्यातून गेली नाही.

या उन्हाळ्यात माझ्या भाचीचा, प्राचीचा, पुण्याहून फोन आला. तिथल्या एका विद्यापीठात इतिहासाचा चार वर्षांचा ऑनर्स कोर्स आहे, सोबत फारसी शिकवतात, बारावी झालेली असली की पुरे, वयाची अट नाही. माझं कॉलेज लग्नात सुटलं ते सुटलंच होतं. मी "बघू" म्हणाले आणि पोरीने त्याचा अर्थ "हो" असा घेऊन ऑनलाइन अर्ज भरून टाकला... त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही.

लोक हसतील, काही जमणार नाही, ही भीती होतीच. पण खरी भीती वेगळी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, आता नव्वदीला टेकल्यात. मी तिकडे वर्गात बसलेली असेन आणि इकडे चिखलीच्या घरून तो फोन येईल... हे काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

प्रवेशासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "काऊन भेऊन राह्यली वं? मास्तर का खाते तुले?" मी म्हटलं, मास्तरांचं नाही, तुमचंच टेन्शन आहे. तर म्हणतात कशा, "मी आहो ना इथंच. मले का कुठी मुलाखत हाये?"

मुलाखतीच्या दिवशी प्राची गेटपर्यंत सोबत आली. "मावशी, खुर्चीत टेकून बस. हात मोकळे ठेव. कॉन्फिडंट दिसायला पाहिजे गं!" मी मान डोलावली. पदर मात्र मुठीत घट्ट धरला होता.

केवढी ती झाडं, केवढे ते लांब व्हरांडे... आणि सगळीकडे अठरा-अठरा वर्षांची मुलं. एका मुलीने बाकावर सरकून जागा दिली आणि गोड आवाजात विचारलं, "आंटी, तुमची मुलगी आत गेली का?" मी नुसतीच हसले. त्या क्षणी कुणी हात धरून बसस्टँडवर नेलं असतं, तर मी मुकाट्याने गेले असते.

आत तीन प्राध्यापक होते. त्यातला एक तर प्राचीच्याच वयाचा. मी सांगितल्याप्रमाणे टेकून बसले, हात मोकळे ठेवले. त्याने विचारलं, "इतिहासच का?"

आणि माझा आवाज गेला... इंग्रजी गेलं, मराठी गेलं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरसमोर बसून उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. उभं राहायचं, हात मागे बांधायचे, हनुवटी वर करायची आणि मगच तोंड उघडायचं. अख्खी शाळा त्यात गेली. बसलं की माझं शरीर समजत होतं, आता बोलायची पाळी दुसऱ्या कुणाची तरी आहे.

"उभी राहून बोलू का?" कसंबसं विचारलं.

"अहो मॅडम, काही गरज नाही. आरामात बसा," तो तरुण म्हणाला. मी बसूनच राहिले आणि "इतिहास..." एवढंच निघालं. तेव्हा मधल्या वयस्कर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राहू द्या त्यांना उभं."

मी उठले. हात मागे बांधले. आणि आवाज आला... शाळेतला, खणखणीत. रोहिणखेड सांगितलं, फुटाणे सांगितले, ती ओळ सांगितली.

बाईंनी विचारलं, "आणि त्यात विशेष काही नसलं तर? नुसतं बांधणाऱ्याचं नाव असलं तर?"

मी म्हटलं, "तरी वाचायचंय. मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं."

बाईंनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग बाई हळूच म्हणाल्या, "बसा आता."

बाहेर आले तेव्हा प्राची गेटपाशीच उभी होती. तिने पहिलं विचारलं, "टेकून बसली होतीस ना?" मी म्हटलं, "बसलेच नाही गं फारशी." तिने कपाळाला हात लावला.

परवा मेल आला. निवड झाली.

भीती गेलेली नाही, खोटं कशाला लिहू? उलट वाढलीय... आता "घेतलंच नाही मला" असं सांगायचीही सोय उरली नाही. पण मला उभं राहू देणाऱ्या त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यात निघतेय. चिखलीतल्या माझ्या माणसांनो, एवढं करा... शिलाई मशीन समोरच्या सुनीताने घेऊन जावं, तिचं जुनं सारखं बिघडतं. उन्हाळी वाळवणातल्या कुरडया आणि सरगुंडे माझ्या धाकट्या जावेला, शोभाला. वापरून टाक गं, माझ्यासाठी राखू नकोस. मोगऱ्याची कुंडी हिवरा आश्रम गावच्या नणंदबाईंना. आईंजवळ संध्याकाळी कुणीतरी जाऊन बसत जा, त्या बोलवणार नाहीत, तरी जा.

माझ्या खोलीची किल्ली आईंकडे राहील. शोभा, त्यांनी दिली तरी तू घ्यायची नाहीस. मी येईन तेव्हा दार त्यांनीच उघडायचंय.