शिवण जिची, ती निर्दोष

त्या काळी विमानांच्या पंखांवर कापड ताणून हाताने शिवीत असत. त्या कामात थोरलीचे अर्धे आयुष्य सरले आणि बोटे दोऱ्याने कापून कापून निबर झाली. धाकट्या जावेला कारखान्यात आणले तिनेच. दुहेरी वळसा देऊन मारायची स्वतःची गाठही शिकवली तिनेच. मुकादमीण नेमताना मात्र साहेबांची नजर गेली धाकटीवर. कारण काय, तर ती हसून बोलते! तेव्हापासून धाकटी मुकादमिणीच्या उंच खुर्चीवर बसली, की थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई.

मग एका सकाळी, आकाश निरभ्र असताना, प्रवाशांनी भरलेले एक विमान समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही. ते का पडले, हे कोणालाच उमगले नाही. त्याचा डावा पंख थोरलीने शिवला होता, उजवा धाकटीने. किनाऱ्याला लागला तो कापडाचा एकच तुकडा, दोन्ही अंगांनी फाटलेला; मधली शिवण मात्र शाबूत.

चौकशीचे साहेब म्हणाले, "ही शिवण जिची, ती निर्दोष. दुसरीला कामावर ठेवता येणार नाही."

काय हा न्याय! कारण सापडेना, म्हणून माणूस तरी सापडायलाच हवे होते.

थोरलीने तुकडा उलटसुलट करून पाहिला. गाठ तिचीच होती, आणि तितकीच धाकटीचीही. तिला स्वतःलाही ओळखता येईना. तरीही "माझी" हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता.

"एवढं काय निरखताय, जाऊबाई?" धाकटी मध्येच म्हणाली. "साहेब, शिवण यांची. माझा हात इतका घट्ट नाही."

"खात्री आहे?"

"रोज ऐकते ना! 'तुझी गाठ म्हणजे शेंबड्या पोरीची वेणी.'"

कारकुनालाही हसू आवरले नाही. धाकटीने आपली कात्री पदराने पुसून टेबलावर ठेवली.

फाटकाबाहेर थोरलीने तिला गाठले. "खोटं का बोललीस?"

"खोटं कशावरून? तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे?"

घरी सासूबाई धाकटीच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाल्या, "मन असावं तर असं!" थोरलीने भरले ताट बाजूला सारले. हिसकावून घ्यायचे ते तिच्या पदरात दान म्हणून पडले होते.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या जागी नेमलेली थोरली मुकादमिणीच्या खुर्चीवर बसली. धाकटी उंच होती. थोरलीचे पाय जमिनीला टेकेनात.