चाळीस मिनिटं थांबलेलं विमान

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी नागपूरला येणाऱ्या विमानात मी सहवैमानिक होते. निघालो त्या विमानतळावर बांधकाम चालू होतं. धावपट्टीकडे जाणारा नेहमीचा रस्ता बंद, आणि जमिनीवरचा वाट दाखवणारा नवा पिवळा पट्टा नकाशाशी जुळेना.

पवनारला बाबांनी मला घरीच वाचायला शिकवलं. "समजलं नाई तं पुढं जाऊ नको," असं ते रोज सांगत. मी कॅप्टनना म्हटलं, "थांबूया, सर." वाट दाखवणारी जीप येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

नागपूरला मी दाराशी उभी होते. एक काका उतरताना म्हणाले, "एवढं मोठं इमान, अन् रस्ता माहीत नाई, मॅडम?" मी हसून माफी मागितली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते फोनवर म्हणाले, "दिवस बुडायच्या आत मी गावाले, रोहण्याले पोचत नाई. माह्यासाठी थांबू नका. घाटावर नेजा मायले."

घरी येईपर्यंत मी पुन्हा पुन्हा हिशोब केला. ती चाळीस मिनिटं वाचली असती, तर ते पोचले असते.

कॅप्टन म्हणाले, तू बरोबर केलंस. उद्याही मी थांबेनच. पण विमानाच्या दारात, त्यांचा फोन ऐकल्यावर, माझ्या तोंडून फक्त "काका" एवढंच निघालं. तुम्ही पुढे काय म्हणाला असता?