फोरमनअण्णांचा गूळ

पाडव्याला आपण कडुनिंबाबरोबर गूळ खातो. फोरमनअण्णा नुसता कडुनिंब खायचे. तोंड जराही वाकडं न करता पाला चावायचे, वाट्याचा गुळाचा खडा पितळी डबीत टाकायचे आणि म्हणायचे, "संघ जिंकल्यावर." हा संघ बेंगळुरूचा नव्हे, भारताचाही नव्हे. तो होता अमेरिकेतला बेसबॉलचा संघ, आणि अण्णांच्या हयातीत त्यानं अजिंक्यपदाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले आणि मल्लेश्वरममध्ये त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. बोली मराठीच, पण मधूनमधून कानडीची फोडणी. पहिल्या पाडव्याला मी डबीकडे बघून हसले, तेव्हा अण्णा म्हणाले, "पुणेकरबाई, तू काल आलीस. स्वल्प दमानं घे. सगळं कळेल."

कळलं ते असं. तरुणपणी कारखान्यानं त्यांना प्रशिक्षणासाठी अमेरिकेला पाठवलं होतं. तिथला घरमालक त्यांना सामन्याला घेऊन गेला. संघानं सपाटून मार खाल्ला. पण लोक शिव्या देत उठले नाहीत. 'पुढच्या वर्षी बघू' असं एकमेकांना सांगत, हसत घरी गेले. "हरून इतकी खुशीत जाणारी माणसं मी पाहिली नव्हती," अण्णा सांगायचे. "त्यांना मध्येच सोडायचं म्हणजे काय, बरं दिसतं?"

त्यांचा पुतण्या तिकडून वर्तमानपत्रं बोटीनं पाठवायचा. गठ्ठा यायला महिना-दोन महिने लागत. अण्णा तारखा लावून घेत आणि रोज सकाळी कॉफीबरोबर एकच अंक वाचत. पुढचा उघडायचा नाही, शेवटचं पान आधी बघायचं नाही. आमच्या कचेरीत नुकतंच इंटरनेट आलं होतं. एकदा मोठ्या फुशारकीनं मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या संघाचा कालचा निकाल सांगू?" त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगू नको! तिकडचा हंगाम संपला असेल, माझा चालू आहे." माझी फुशारकी तिथंच जिरली.

त्यांच्या बायकोला, अक्कांना, हे सगळं खूळ वाटे. जिंकण्याची वाट बघत डबीत पडलेल्या गुळाला हमखास मुंग्या लागत. डबी घासताना अक्का म्हणत, "तुमचा संघ राहू दे. मुंग्यांचा संघ मात्र दरवर्षी जिंकतो!" अण्णा मनापासून हसत आणि पुढच्या पाडव्याला नवा खडा टाकत. मला त्या माणसाचं नवल वाटायचं. एक बस चुकली की दिवसभर माझं तोंड उतरलेलं असे, आणि हा गृहस्थ अर्धं आयुष्य हरूनही मार्च उजाडला की नवरदेवासारखा टवटवीत. आशा करणं हीसुद्धा ताकदीची गोष्ट आहे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

मग एका हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांना कोणी सांगितलं नव्हतं, पण ते न कळण्याइतके भोळेही नव्हते. तरी उशाला नव्या हंगामाच्या तयारीच्या बातम्यांचे अंक होतेच. "नवा पिचर आलाय," ते धापा टाकत मला म्हणाले. "डावखुरा. चेंडू असा सोडतो म्हणे, की समोरच्याला दिसतच नाही. यंदा काही खरं नाही बघ इतरांचं."

पाडव्याला अक्कांनी त्यांना कडुनिंबाचं एकच कोवळं पान दिलं आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवला. "आता तरी खा की हो. कितीसं कडू खायचं माणसानं?" अण्णांनी मूठ मिटली, अक्कांकडे पाहिलं आणि खडा डबीत टाकला. "आणि यंदा जिंकलेच तर? मग काय तोंड दाखवू त्यांना?"

अक्का स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णा गेले. तिकडे हंगाम सुरू झाला होता, पण त्याचे अंक अजून बोटीवर होते. अण्णांच्या लेखी त्या वर्षी संघ एकही सामना हरला नव्हता. ही गोष्ट आठवली की मला अजून भरून येतं, आणि बरंही वाटतं.

पुढच्या पाडव्याला अक्कांनी मला खाली बोलावलं. माझ्या हातावर कडुनिंब आणि गूळ ठेवला, मग स्वतः नुसता पाला चावला. सवय नव्हती, डोळ्यांत पाणी आलं. पुढ्यात तीच पितळी डबी होती. आत अण्णांचा शेवटचा खडा तसाच होता, एकही मुंगी नाही. डबी वर्षभर पाण्याच्या ताटलीत ठेवलेली होती. अक्कांनी त्याच्याशेजारी आपला खडा ठेवला.

"अहो अक्का, तुम्ही तरी खा."

"संघ जिंकू दे की," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.