चहा सोडून काय पिता?

आरोग्य केंद्रात नोकरी करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. टाकीच्या तळाशी गाळ बसावा तसे ते आपले आपण साचत जातात. टाकी उपसायला घेतली की कळतं, केवढा होता! परवा आमच्या शेळके सिस्टर रिटायर झाल्या. निरोपाचं जेवण झालं, भरीत-भाकरीवर ताव मारून सगळे पंख्याखाली बसलो, आणि उपसा सुरू झाला.

मी इथली डॉक्टर. शिक्षण आयुर्वेदाचं, नोकरी मेहकर तालुक्यात, डोणगावच्या जरा अलीकडे. आठवड्यातून एक दिवस गरोदर बायांची तपासणी असते. त्या दिवशी मला धास्ती कशाची असते, सांगू? ज्येष्ठमधाची! हसू नका. घशाला, खोकल्याला, जळजळीला ज्येष्ठमध उत्तमच, मी स्वतः देते. पण तेच रोज, भरपूर, महिनोन्महिने पोटात गेलं, तर अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतो. गरोदरपणात तर हा खेळ परवडतच नाही.

\*

नवीन होते तेव्हा मी सरळ विचारायचे, "काही औषध चालू आहे का?"

"नाई."

एका बाईचा बीपी दोनदा चढलेला सापडला. गोळी नाही, इंजेक्शन नाही, काही नाही. मी बुचकळ्यात. शेळके सिस्टर मागून म्हणाल्या, "काढा-बिढा घेता का वो?"

"हाव, तो तं रोजच! सकाळी न् संध्याकाळी, गिलासभर!"

"अहो, मग मघाशी मॅडमनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

बाई अगदी निरागसपणे म्हणाली, "त्याइनं औषध इचारलं. काढा कुठी इचारला?"

त्या दिवसापासून आमचा प्रश्न बदलला. सिस्टर प्रत्येकीला पहिलं विचारायच्या, "चहा सोडून काय पिता?"

\*

पण त्या प्रश्नालाही पुरून उरली ती प्रज्ञा. शाळेत शिकवायची आणि भीमगीतं गायची. आवाज असा, की जयंतीला तिच्या गाण्यासाठी शेजारच्या गावांतून माणसं यायची. पाचवा महिना, बीपी वर. काढा? नाही. चूर्ण? नाही. चहा सोडून? पाणी! झालं, माझी सगळी पोतडी रिकामी झाली.

सिस्टर दंडावरचा बीपीचा पट्टा सोडत होत्या, आणि मला तिच्या गालात काहीतरी हललेलं दिसलं.

"तोंडात काय आहे?"

तिने जिभेवरून एक चघळून चघळून धागे झालेली काडी काढली. ज्येष्ठमध! सकाळपासून रात्रीपर्यंत गालात. एक संपली की दुसरी.

"अगं, औषध घेत नाही म्हणालीस ना?"

"हे औषध थोडीच हाय मॅडम? हे तं माह्यं गाण्याचं सामान हाय!"

तिला सगळं नीट समजावून सांगितलं. शिकलेली मुलगी, तिला लगेच कळलं. मग हळूच म्हणाली, "जयंती जवळ आली. काडी सोडली तं आवाज बसते माह्या." म्हटलं, तू ठरव. तिने काडी टाकून दिली.

जयंतीला ती पोट सांभाळत स्टेजवर उभी राहिली. आवाज खरंच बसलेला. वरच्या पट्टीत जाताना चिरकला, तेव्हा समोरच्या बायांनीच ओळ उचलली आणि पुढे नेली. पुढच्या तपासणीला आली ती घोगऱ्या आवाजातच. सिस्टरनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि मान डोलावली.

प्रज्ञा म्हणाली, "आवाज बसला मॅडम. पण बीपी बी बसला ना!"

\*

कावेरीची गोष्ट अशी हसण्यावारी जाणारी नव्हती. सातवा महिना, पाय सुजून चपलेत मावेनात, डोकं ठणकायचं. सोबत नवरा गजानन आणि सासू सुभद्राबाई. सासूचा सुनेवर भारी जीव. सूज दिसली, म्हणून तिने ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. सूज वाढली, म्हणून काढा वाढवला. अजून सूज, अजून काढा!

मी रक्तवाहिन्यांचं सांगायला लागले. गजाननच्या चेहऱ्यावर काही उमटेना. म्हटलं, "तुमच्याकडे शेतात ठिबक आहे ना?"

"हाय ना. संत्र्याले."

"नळी मध्येच आवळली तर काय होतं?"

"मांगं प्रेशर वाढते. कधी कधी नळी फुटते. अन् शेवटच्या झाडाले पानी नाई पोचत."

मग त्याने बायकोच्या पोटाकडे पाहिलं. म्हणाला, "म्हंजे लेकरू शेवटचं झाड हाय."

सुभद्राबाई खाली बसल्या, डोक्याला हात लावून. "म्या माह्या हातानं पाजलं वो! म्याच पाजलं!"

मी सांगितलं, काढा हे एकच कारण असेल असं नाही, पहिलटकरणीचा बीपी काढ्याशिवायही चढतो. पण त्यांच्या कानावर काही पडत नव्हतं. कावेरीला बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे गोळ्या सुरू झाल्या, काढा बंद झाला, आणि काही दिवसांनी ती घरी आली.

सुभद्राबाई मात्र मला भेटायला एकट्या आल्या. "मॅडम, आता मी काय करू? सुनेसाठी करायले माह्याजवळ दुसरं काय हाय?"

सिस्टर म्हणाल्या, "माय, तिले डाव्या कुशीवर निजू द्या. तेवढं पाहा. लेकराले रक्त चांगलं जाते."

पुढच्या वेळी कावेरी आली ती तक्रार घेऊनच. "मॅडम, माह्या सासूले काहीतरी सांगा! खाटेच्या उजव्या बाजूनं बसून राह्यते. कूस पालटू देत नाई!"

बीपी ताब्यात होता. मी सासूला काहीही सांगितलं नाही.

\*

एकदा एक रिटायर गुरुजी आले, लेकीला घेऊन. मी तिचा काढा बंद केला म्हणून रागावले होते. "तुम्ही आयुर्वेदाच्या डॉक्टर, अन् तुम्हीच आयुर्वेद बंद करता?"

"गुरुजी, त्या पुडीत काय काय आहे?"

"जडीबुटी. लोणारला बसस्टँडवर एक जण विकते. शंभर टक्के नॅचरल!"

"आमच्या शास्त्रात आधी माणूस पाहतात, मग औषध. त्याने तुमची लेक पाहिली होती?"

लेकच म्हणाली, "त्यानं तं बाबालेबी नीट नाई पाह्यलं. बस सुटून राह्यली होती."

\*

आता रेखाचं सांगते. हे मी परवा निरोपाच्या जेवणानंतरही सांगणार नव्हते, सिस्टरनीच विषय काढला.

रेखाचं पहिलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं. बीपी एकदम चढला होता. ती तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आमच्याच हद्दीत. आई वत्सलाबाई, त्यांचा नवरा लवकर गेलेला, रेखा एकुलती एक लेक. जळजळ होते म्हणून आईने रोज ज्येष्ठमध उगाळून दुधातून दिलेला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, अशा केसमध्ये नेमकं कशाने झालं ते सांगता येत नाही.

वत्सलाबाई माझ्याकडे आल्या. डोळ्यात पाणी नव्हतं. "मॅडम, खरं सांगा. माह्या दुधानं गेलं काय?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं तर? मी म्हटलं, "माहीत नाही, वत्सलाबाई. कोणालाच माहीत नाही. पण यापुढे देऊ नका."

त्या "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

रेखाला पुन्हा दिवस राहिले आणि ती माहेरीच येऊन राहिली. या खेपेला सगळं नीट पार पडलं, मुलगी झाली, हे आधीच सांगून टाकते. कारण सांगायचं आहे ते वेगळंच.

दर तपासणीला वत्सलाबाई लेकीसोबत यायच्या आणि बाहेरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायच्या. घरोघरी फिरणाऱ्या आमच्या आशाताईंकडून कळलं, त्यांनी लेकीसाठी चूल पेटवणंच सोडलं होतं. रेखासाठी भाजी-भाकरी शेजारी राहणारी वत्सलाबाईंची जाऊ करायची. रेखा चिडायची, रडायची, "आई, तुह्या हातचं दे वं काहीतरी." त्या उठून अंगणात जायच्या.

नववा महिना लागला, उन्हाळा तापलेला. त्या दिवशी आमच्याकडे गर्दी. रेखा माझ्यासमोर खुर्चीत बसली होती, घामाघूम. म्हणाली, "लय तहान लागली."

वत्सलाबाई दारातच उभ्या होत्या. त्या वळल्या. व्हरांड्यात आमचाच माठ आहे, त्यातून त्यांनी स्टीलचा ग्लास भरून आणला. लेकीपर्यंत आल्या आणि थबकल्या. मग ग्लास घेऊन माझ्या टेबलाजवळ आल्या. पाणी काठावरून सांडत होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे पाजू काय इले?"

मी काही सांगायच्या आत रेखाने हात लांब केला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. आईच्या हातातून ग्लास घेतला, घटाघटा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि रिकामा ग्लास परत आईच्या हातात दिला.

"आनखी एक आन," ती म्हणाली.