पाणथळीची हिरवी रेघ

नगररचना कार्यालयात नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे रेघताई म्हणत. बावीस वर्षं एकच टेबल, एकच खिडकी. शहराबाहेरच्या पाणथळ जमिनीचे जुनाट नियम बदलून तिला संरक्षण द्यायचं ठरलं, तेव्हा नवी हद्द आखायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

ताई गमबूट घालून चिखलात उतरल्या. पाणी कुठवर चढतं, लव्हाळा कुठवर उगवतो, पक्षी कुठे अंडी घालतात, हे तीन आठवडे टिपून त्यांनी हिरवी रेघ मारली. कार्यालयात असा प्रकार पूर्वी घडला नव्हता. हद्दी खुर्चीत बसूनच ठरायच्या.

पहिला आक्षेप घरातूनच आला. दिराने तिथे प्लॉट घेऊन ठेवला होता. रविवारी तो चहाला आला आणि गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, रेघच तर आहे. चार मिलिमीटर सरकली तर कुणाच्या लक्षात येणार?"

"बेडकांच्या येईल, भाऊजी."

"बेडूक काही हरकती नोंदवत नाहीत."

"म्हणून तर हद्द आखावी लागते."

नवऱ्याने वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. अशा वेळी त्याला अग्रलेख फार आवडायचे.

मग समिती बसली. 'पाणथळ' या एका शब्दावर सात बैठका झडल्या. एक सदस्य म्हणाले, "वर्षातून दोन महिने कोरडी पडते, ती पाणथळ कसली?"

"तुम्ही रोज आठ तास झोपता, साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला कायमचं झोपलेलं समजायचं का?"

काही जणांना ते आधीपासूनच पटलेलं होतं.

अखेर रेघ तसूभरही न हलता नियम मंजूर झाले. फक्त शेवटच्या पानावर एक कलम गुपचूप येऊन बसलं: सार्वजनिक हिताच्या बांधकामांना सूट. पहिली सूट मिळाली ती पाणथळ संरक्षण कक्षाच्या दुमजली इमारतीला. जागा अर्थातच रेघेच्या आत. संरक्षण जवळून केलेलं बरं.

ताईंची बदली तिथेच झाली. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीविरुद्ध लेखी हरकत दिली.

"अहो, स्वतःच्याच कार्यालयाविरुद्ध?" कक्षाचे साहेब चक्रावले.

"कर्मचाऱ्यांना मनाई नाही. नियम वाचलेत मी."

इमारत राहिली, पण वाहनतळ रद्द झाला. आता अधिकारी गाड्या हमरस्त्याला लावून चिखल तुडवत येतात आणि ताईंशी बोलत नाहीत. ताई मात्र दारातलं पायपुसणं रोज आठवणीने झटकून ठेवतात.